हातात पैसे मोजके असताना विद्यार्थ्याने सकस कसं खावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा विद्यार्थी घर सोडून शिकायला आला आहे. खोलीत एकच शेगडी आहे, फ्रिज चौघांत मिळून वापरायचा आणि स्वयंपाक जेमतेम येतो. महिन्याच्या सुरुवातीला बाहेरचं खाणं होतं आणि शेवटचा आठवडा इन्स्टंट नूडल्स, बिस्किटं आणि चहावर निघतो. दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही, केस गळतात. मित्र सांगतात, प्रोटीन पावडर सुरू कर. एवढ्या पैशांत नीट खाता येईल का, आणि पावडर घ्यावी का, असं विचारलं आहे.

नीट खाता येईल. विद्यार्थ्यांच्या आहाराचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि खर्चाच्या वह्या पाहताना एक गोष्ट सतत दिसते. महिन्याचे पैसे किराण्यावर संपत नाहीत. ते संपतात संध्याकाळी, वर्गातून दमून परतल्यावर, पोटात आग पडलेली असताना आणि खोलीत खाण्याजोगं काहीच तयार नसताना. त्या वेळी कोणी भाव पाहत नाही, हाताला येईल ते विकत घेतं. त्या एका तासासाठी आधीच शिजवून ठेवलेलं काहीतरी हवं. ती सोय झाली की आरोग्य आणि पैसा हे दोन्ही प्रश्न एकदम बरेच सुटतात. पुढचं सगळं त्या तयारीबद्दलच आहे.

आधी काय खायचं ते ठरवू. सगळ्यात स्वस्तात पोषण कसं मिळेल, या प्रश्नाचं चक्क गणित मांडलं गेलेलं आहे. जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये ७७ खाद्यपदार्थांची यादी आणि त्यांचे १९३९ चे भाव घेतले आणि उष्मांक, प्रथिनं, कॅल्शियम, लोह, काही जीवनसत्त्वं अशा नऊ गरजा कमीत कमी पैशांत कशा भागतील ते शोधलं. उत्तरात पाचच पदार्थ उरले: गव्हाचं पीठ, आटवलेलं डबाबंद दूध, कोबी, पालक आणि सुका घेवडा. दोन वर्षांनी जॉर्ज डँटझिग या गणितज्ञांच्या नव्या पद्धतीने हेच गणित पुन्हा सोडवलं गेलं. नऊ जणांनी हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर मिळून सुमारे १२० मनुष्यदिवस खपून ते पुरं केलं आणि उत्तर स्टिग्लर यांच्या अंदाजाच्या अगदी जवळ आलं.

त्या यादीत घेवडा दिवसाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पडतो, म्हणजे ती जशीच्या तशी कोणी खाणार नाही, आणि खाऊही नये. पण तिचा सांगाडा आजही खरा आहे. एक धान्य, एक कडधान्य, पानांची भाजी आणि थोडं दूध. तुमच्या बाजारात भाव कोणतेही असोत, स्वस्त आणि सकस हे दोन्ही जिथे एकत्र येतं ती जागा बहुतेक वेळा हीच असते.

त्यात एक खाच आहे. नुसतं पोट भरणं फार स्वस्त असतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने इतर संस्थांसोबत काढलेल्या २०२० च्या अहवालात म्हटलं होतं की सकस आहाराचा खर्च, फक्त पिष्टमय धान्यावर उष्मांक भागवण्याच्या खर्चाच्या सरासरी पाचपट पडतो. पैसे कमी पडले की माणूस आपोआप भात, ब्रेड आणि बिस्किटांकडे सरकतो ते यामुळे. पोट भरतं, पण प्रथिनं, लोह आणि जीवनसत्त्वं मागे राहतात. हातातला प्रत्येक जादा पैसा आधी कडधान्यांवर, मग भाजीवर आणि मग दूध-अंड्यांवर जावा, असा माझा क्रम आहे. धान्य स्वस्त असल्याने त्याची काळजी करावी लागत नाही.

आता प्रमाण. समजा वजन ६० किलो आहे. प्रौढ माणसाला किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरेशी धरली जातात, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम. यासाठी दिवसाचं सामान असं धरा: १०० ग्रॅम सुकी कडधान्यं किंवा डाळ, ३०० ग्रॅम तांदूळ-गहू-ओट्स मिळून, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे, पाव लिटर दूध, एक अंडं, ३० ग्रॅमपर्यंत तेल आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं. यात उष्मांक सव्वादोन हजारांच्या जवळ जातात आणि प्रथिनं ७० ग्रॅमच्या आसपास. त्यातली २३ ते २४ ग्रॅम डाळीतून येतात, पंचवीसेक ग्रॅम धान्यातून. धान्यातही प्रथिनं असतात हे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी लायसिन धान्यात कमी असतं आणि कडधान्यात भरपूर; मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कडधान्यात कमी आणि धान्यात पुरेसं. दोन्ही एकाच घासात यायला हवीत असंही नाही, दिवसभरात पोटात गेली की झालं. दूध-अंडी खात नसाल तर डाळ दीडपट करा आणि ब-१२ बद्दल पुढे लिहिलं आहे ते जरूर वाचा.

हेच तीस दिवसांनी गुणलं की किराण्याची यादी तयार होते: कडधान्यं आणि डाळी ३ किलो, धान्य ९ किलो, शेंगदाणे १ किलो, तेल १ लिटर. हे सगळं सुकं सामान पैसे हातात आले त्याच दिवशी आणून टाका. मी विद्यार्थ्यांना सांगते त्यातली सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच. महिन्याचा शेवटचा आठवडा पहिल्याच दिवशी सुरक्षित होतो. पुढे खिशात कितीही खडखडाट झाला तरी भात आणि डाळ घरात असते, आणि रोज भाजी-फळांपुरतेच पैसे लागतात. खोली लहान असेल तर पंधरा दिवसांचं आणा, पण पैसे आल्यावर पहिली खरेदी हीच असू द्या. डबे घट्ट झाकणाचे हवेत, कडधान्यांना कीड लवकर लागते. कोंड्यासकटचं पीठ मैद्यापेक्षा लवकर खवट होतं, ते थोडं थोडं आणलेलं बरं.

दुकानात नुसता किलोचा भाव पाहून फसगत होते. मी दहा ग्रॅम प्रथिनांमागे किती पैसे पडतात ते पाहायला सांगते. दहा ग्रॅम प्रथिनांसाठी साधारण २० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, ४० ते ४५ ग्रॅम सुकी डाळ, ४० ग्रॅम शेंगदाणे, दोनपेक्षा थोडी कमी अंडी, ३०० मिलिलिटर दूध किंवा ५० ग्रॅमच्या आसपास बिनहाडांचं कच्चं मांस लागतं. गोड बिस्किटं घेतली तर दीडशे ग्रॅम लागतील, म्हणजे जवळपास दीडदोन पुडे. प्रोटीन पावडर साधारण १३ ग्रॅम. आपल्या दुकानातले भाव यात घाला, कागदावर एकदाच हिशोब करा आणि तो शेगडीजवळ चिकटवून ठेवा. बहुतेक ठिकाणी डाळ, सोया आणि शेंगदाणे वर येतात आणि पावडर बरीच खाली जाते. पावडरीचं उत्तर त्यातच आलं. ती विष नाही, पण तुम्हाला तिची गरजही नाही. महिनाभराच्या डब्याच्या पैशांत अंडी, दूध आणि फळं येतील, आणि त्यांतून जे इतर पोषण मिळतं ते पावडरीत नसतं.

आता शिजवण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी योजना इथेच टिकते किंवा मोडते. रोज स्वयंपाक करायचा हा संकल्प परीक्षेच्या दिवसांत हमखास मोडतो. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा कडधान्य शिजवा. ३०० ग्रॅम सुकं कडधान्य शिजल्यावर साधारण ७०० ग्रॅम होतं, एका माणसाला तीन दिवस पुरतं, आणि शिजलेलं अन्न फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच ठेवावं या नियमातही ते बसतं. राजमा, काबुली हरभरा, चवळी, वाटाणा अशी अख्खी कडधान्यं रात्री झोपताना भिजत घाला, आठ तास पुरतात. सकाळी पाणी ओतून द्या, स्वच्छ धुवा आणि नव्या पाण्यात शिजवा. डाळींना भिजवण्याची गरज नाही. मसुराची डाळ पंधरा-वीस मिनिटांत शिजते, म्हणून नवख्याने सुरुवात तिच्यापासून करावी. प्रेशर कुकर नसेल आणि मोठा खर्च एकच करता येणार असेल तर तो कुकरवर करा; वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं.

कडधान्य तासभर उकळूनही कडकच राहिलं, ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा कारण तीनांपैकी एक असतं. दाणे फार जुने असतात, पाणी जड म्हणजे जास्त क्षारांचं असतं किंवा टोमॅटो-लिंबू-चिंच आधीच घातलेलं असतं. आंबट पदार्थाने दाण्याचं साल मऊ होत नाही, म्हणून आंबट नेहमी दाणे शिजल्यावर घाला. मीठ आधी घातलं तरी चालतं.

राजम्याबद्दल एक इशारा गंभीरपणे देते. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. अर्धवट शिजलेला राजमा खाल्ला तर काही तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब होतात, आणि त्यासाठी मूठभर दाणेही लागत नाहीत. भिजवलेलं पाणी टाकून द्यावं आणि ताज्या पाण्यात राजमा खळखळून उकळावा. निदान दहा मिनिटं, खरं तर अर्धा तास. कुकरमध्ये मऊ शिजवला की प्रश्न मिटतो. मंद आचेवर तासन्‌तास ठेवायच्या विजेच्या भांड्यात मात्र कच्चा राजमा थेट टाकू नका. त्यातलं तापमान पुरेसं वर जात नाही, आणि दाणा मऊ लागला तरी ते द्रव्य शिल्लक राहू शकतं.

तीन दिवस तेच ते खाऊन कंटाळा येतो म्हणून कडधान्य शिजवताना नुसतं मीठ घालून शिजवा, मसाला घालू नका. एक दिवस त्याला कांदा-लसूण परतून टोमॅटोचा रस्सा करा आणि भातावर घ्या. दुसऱ्या दिवशी तेच दाणे कच्चा कांदा, काकडी आणि लिंबू घालून गार खा. तिसऱ्या दिवशी चमच्याने ठेचून लसूण आणि तेलात परता आणि ब्रेडवर लावा, किंवा कोबी-गाजर घालून सूप करा. वरून उकडलेलं अंडं चालतंच. यातल्या कोणत्याही प्रकाराला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत, आणि संध्याकाळच्या त्या वेळेला तेवढाच धीर असतो.

कडधान्यं सुरू केली की पहिले काही दिवस पोटात वायू धरतो. रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा आपल्याला पचत नाहीत, आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात. पन्नास ग्रॅमपासून सुरुवात करा, दोन-तीन आठवड्यांत शंभरावर जा, भिजवलेलं पाणी टाकत राहा. आतड्याला सवय होते. पहिल्याच दिवशी मोठा वाडगा खाऊन, आपल्याला हे सोसत नाही असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात, तसं करू नका.

शिळ्या भाताबद्दलही नीट समजून घ्या, कारण एकदा जास्त भात करून ठेवण्याचा मोह होणारच. तांदळावर बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात खोलीच्या तापमानाला तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि उलटी आणणारं विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात काढा, लवकर गार होऊ द्या आणि तासाभरात, फार तर दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवा. जीवाणू ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मध्ये झपाट्याने वाढतात, म्हणून फ्रिज पाच अंशांच्या खाली आहे का तेही पाहा. चौघांच्या फ्रिजचं दार सारखं उघडतं, तेव्हा आपला डबा दारात न ठेवता आत मागे ठेवावा. डब्यावर तारीख लिहा. शिजवलेलं कडधान्य वाटे करून गोठवूनही छान राहतं.

फ्रिजच नसेल तर शिजवून साठवण्याचा विचार सोडा. मसुराची डाळ आणि तांदूळ एका भांड्यात, एका वेळेपुरतेच, वरून कोबी किंवा पालक चिरून टाकायचा. हे जेवण रोज करता येतं आणि भांडंही एकच घासावं लागतं.

भाज्यांचं गणित वेगळं आहे, कारण भाज्यांवरचे पैसे खरेदीत कमी आणि कचऱ्याच्या डब्यात जास्त जातात. जागतिक आरोग्य संघटना रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं सांगते, आणि त्यात बटाटा धरलेला नाही. उत्साहाने आणलेली पालेभाजी चौथ्या दिवशी काळी पडते आणि त्या आठवड्यात भाजीच होत नाही. म्हणून आणतानाच क्रम ठरवा. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवायची, मग टोमॅटो, शेंगा, काकडी, आणि आठवड्याच्या शेवटी कोबी, गाजर, लाल भोपळा. कोबीला मी फार मानते. तो बहुतेक ठिकाणी स्वस्त असतो, फ्रिजमध्ये आठवडेच्या आठवडे टिकतो, कच्चाही खाता येतो आणि १०० ग्रॅम कच्च्या कोबीत साधारण ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची रोजची शिफारस ४५ मिलिग्रॅमची आहे. गाजर आणि भोपळ्यातलं बीटा-कॅरोटिन, ज्याचं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते शरीरात शोषलं जायला थोडं तेल लागतं, म्हणून ते परतून खाल्लेलं चांगलं. फुलकोबीचे दांडे आणि कोवळी पानं फेकू नका, बारीक चिरून त्याच भाजीत जातात. भाज्या थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवा. भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं तर क जीवनसत्त्व त्याच्याबरोबर जातं.

गोठवलेले वाटाणे किंवा मिश्र भाज्या ताज्यापेक्षा कमी पोषक असतात हा गैरसमज आहे. तोडल्यावर लवकर गोठवल्याने पोषण बऱ्यापैकी टिकतं आणि वाया काहीच जात नाही. स्वस्त मिळत असतील तर खुशाल घ्या. डबाबंद कडधान्यही चालतं, पण पाण्याने धुऊन घ्या, बरंच मीठ निघून जातं. फळांत केळं आणि त्या-त्या मोसमात जे सगळ्यात स्वस्त असेल ते. परदेशी नावांची महागडी बियाणी आणि चूर्णं तुमच्या यादीत नकोतच.

ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून किंवा ते मुद्दाम घातलेल्या पदार्थांतून येतं. ते वेगळं काढलं गेलं १९४८ मध्ये, म्हणून स्टिग्लर यांच्या नऊ गरजांत त्याचा पत्ता नाही. दूधही न घेणाऱ्यांनी ब-१२ची गोळी घ्यावी, हे मी पर्याय म्हणून सांगत नाही, आवश्यक म्हणून सांगते. किती आणि कशी, ते डॉक्टरांना विचारा. दूध घेत असाल तर पाव लिटरमधून साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियमही मिळतं. ताजं दूध नासण्याची भीती असेल तर दूध पावडर ठेवा. बिनसायीच्या दूध पावडरीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि ती ओट्समध्ये मिसळली की नाश्ता होतो.

लोहाचं पाहायचं तर कडधान्यं आणि पालेभाज्यांतलं लोह शरीर कमी शोषतं. त्याच जेवणात लिंबू, टोमॅटो, कच्चा कोबी किंवा पेरू असा क जीवनसत्त्वाचा काही पदार्थ असला तर शोषण वाढतं. चहा-कॉफी जेवणाबरोबर घेतली तर ते बरंच घटतं. तुम्ही चहा-बिस्किटांवर दिवस काढता म्हणून मुद्दाम सांगते, चहा सोडू नका, पण जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. याला एकही पैसा लागत नाही. पाळी येणाऱ्या मुलींची लोहाची गरज मुलांपेक्षा खूप जास्त असते, त्यांनी हे जास्त काटेकोरपणे पाळावं.

पैसे वाचवायला सकाळचं खाणं टाळणारे पुष्कळ विद्यार्थी आहेत. ज्यांना खरोखर सकाळी भूक नसते त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सकाळ आणि दुपार दोन्ही टाळून संध्याकाळी बाहेर खाणाऱ्याच्या वहीत मला बचत कधी सापडली नाही. रात्री दुधात भिजवून ठेवलेले ओट्स, वर केळं आणि शेंगदाणे, यात चूल पेटवायचीही गरज नाही. आणि पिशवीत कायम काहीतरी असू द्या. भाजलेले हरभरे, शेंगदाणे, उकडलेलं अंडं. अंडं फ्रिजमध्ये सालासकट आठवडाभर राहतं, बाहेर मात्र दोन तासांच्या आत खाऊन टाका. दुपारी चारला पोटात हे गेलं तर घरी येईपर्यंत भुकेची धार कमी होते आणि डबा गरम करण्याइतका दम राहतो.

इन्स्टंट नूडल्स खाणारच असाल, आणि परीक्षेच्या रात्री सगळे खातात, तर त्या जेवणासारख्या करून खा. बऱ्याच पाकिटांत २ ते ४ ग्रॅम मीठ असतं आणि दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगितली आहे, म्हणून मसाल्याची पुडी अर्धीच घाला. उकळत्या पाण्यात मूठभर कोबी-गाजर, एक अंडं किंवा शिजवलेल्या कडधान्याचे चार चमचे टाका. खर्च किंचित वाढतो, पण तासाभराने पुन्हा भूक लागून बिस्किटांचा पुडा फुटत नाही.

एकट्याने सगळं करणं जड जातं. त्याच फ्रिजचे चौघे मिळून आठवड्याला एकेकाने एकदा मोठा कुकर लावला तर प्रत्येकाला एकाच दिवसाचं काम आणि चार दिवसांचं जेवण मिळतं, शिवाय धान्य-डाळ मोठ्या पोत्यात स्वस्त येते. सुरुवातीलाच दोन गोष्टी बोलून घ्या: भांडी कोण घासणार आणि हिशोब कधी मिटवायचा. माझ्या पाहण्यात अशा व्यवस्था चवीवरून मोडत नाहीत, या दोन गोष्टींवरून मोडतात.

वर दिलेली यादी तुमच्या भावांनी मोजून पाहा. सगळी काटकसर करून, बाहेरचं खाणं बंद करूनही ती तुमच्या पैशांत बसत नसेल, तर दोष तुमच्या नियोजनात शोधू नका. २०२० च्या त्याच अहवालात जगातल्या तीन अब्जांहून अधिक लोकांना सकस आहार परवडत नाही असा अंदाज होता. अशा वेळी महाविद्यालयाच्या विद्यार्थी कल्याण विभागाकडे, वसतिगृहप्रमुखांकडे किंवा विश्वासाच्या शिक्षकांकडे जाऊन स्पष्ट सांगा. अनेक विद्यापीठांत गरजू विद्यार्थ्यांसाठी जेवणाची किंवा धान्याची मदत असते, आणि ती न मागितल्यामुळे पडून राहते. पोट मारून शिक्षण होत नाही. मदत मागताना संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे, तरी मागा.

राहिला थकवा आणि केसांचा प्रश्न. जेवण सुधारायला आजपासून सुरुवात करा, पण तेवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांना भेटा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ब-१२ तपासायचं का ते विचारा, थायरॉईडबद्दलही विचारा. फेरिटिनवरून शरीरात लोहाचा साठा किती आहे ते कळतं; हिमोग्लोबिन ठीक असूनही तो रिकामा झालेला असू शकतो. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. लोह कमी का झालं हे शोधावं लागतं, आणि गरज नसताना घेतलेलं लोह अपाय करतं. खाण्याची आबाळ झाली की केस सहसा दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात आणि खाणं सुधारल्यावर सावरायलाही तीन ते सहा महिने घेतात. तोवर केसांच्या तेला-शाम्पूवर पैसे घालू नका, त्या पैशांची अंडी आणा.